मामा घरीच ॲडमिट आहेत

दवाखान्यात जायचं म्हटलं की ज्याच्या चेहऱ्यावर तेज येतं असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून ते माझे मामा. वरकुट्यात मात्र सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. बाकीची माणसं आजारी पडली म्हणून दवाखान्यात जातात. मामांना मुळात दवाखान्यात जायचं असायचं, आणि आजार ही देवाने त्यासाठी करून दिलेली सोय होती. हे मी चिडून लिहीत नाही. म्हणजे थोडं चिडूनच लिहिते आहे, कारण बारामतीत ज्या दवाखान्यात ते दाखल व्हायचे त्याच्या मागच्याच गल्लीत माझं घर आहे, आणि ते दाखल असले की दोन्ही वेळचा डबा माझ्याकडून जायचा. दिवसभर पोस्टात काउंटरला बसून लोकांशी हुज्जत घालायची, घरी येऊन भाकरी थापायच्या, डबा घेऊन धापा टाकत वॉर्डात पोचायचं, तर हे खाटेवर मांडी घालून बसलेले, भोवती माणसांचं कडं, आणि मला बघून म्हणणार, "आली का? ठेव तितं. आज पिठलं पातळ न्हाय ना केलं?" आणि लगेच मान वळवून पुढची गोष्ट सुरू. धाप मला लागलेली आणि पेशंट ते.

आजार खोटा होता असं मात्र कुणी समजू नये. मामांचं हृदय दमलेलं होतं. डॉक्टर समजावून सांगायचे की आतला पंप कमजोर झालाय, पाणी नीट उपसलं जात नाही, मग ते पायात साचतं, छातीत साचतं आणि दम लागतो. जोडीला शुगर. शेतकऱ्याला पंप म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. मामांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "मग रिवाइंडिंग हुतंय का?" डॉक्टर म्हणाले, "नाही तात्या, आहे तोच जपून वापरायचा." मामांनी मान डोलावली, आणि जपून वापरण्याचा विषय तिथेच संपला.

वरकुट्याहून खरं तर इंदापूर जवळ पडतं. साधा सरळ माणूस तिकडे गेला असता. पण मामांचा हिशेब निराळा होता. आत्याचं माहेर, म्हणजे आमचं कऱ्हाटी, बारामतीच्या पलीकडे. लेक दिलेली काटेवाडीत. बाकीचे पाहुणे असेच आजूबाजूला विखुरलेले. "इंदापुरात ॲडमिट झालो तर कऱ्हाटीच्या लोकांस्नी दोन येष्ट्या बदलाय लागत्यात," ते मला सांगायचे, "आजारी मानसानं बी दुसऱ्याची सोय बगावी." इतकंच नाही, तर वेळही बघायचे. पायावर सूज चढलेली, चार पावलं टाकली की थांबावं लागतंय, आत्या जीप सांगू का म्हणून विचारतेय, आणि हे म्हणणार, "आत्ता ऊसतोड चालू हाय. आत्ता कोन येतंय भेटाय? जरा मोकळं हू दे लोकांस्नी." मग पाहुणे मोकळे होईपर्यंत हे उशाला तीन उशा घेऊन बसून झोपायचे आणि नंतर अगदीच निळेजांभळे होऊन थाटात बारामतीत दाखल व्हायचे.

यातली खरी मेख आमच्या भागातल्या एका रीतीत आहे. माणूस घरात कितीही कण्हत पडला तरी कुणी त्याचा उंबरा चढत नाही. ज्याला त्याला आपापली कामं असतात, गाईंच्या धारा असतात, पाण्याची पाळी असते. पण तोच माणूस 'ॲडमिट हाय' असं कळलं की भेटायला जावंच लागतं. न जाणाऱ्याची नोंद होते आणि पुढे लग्नकार्यात ती बरोबर बाहेर निघते. त्यामुळे सगळे येतात. बोलणं टाकलेला भाऊसुद्धा येतो. हातात शहाळं नाहीतर बिस्किटांचे पुडे घेऊन खाटेच्या कडेला उभा राहतो, आता कसं वाटतंय विचारतो, आणि खाटेवरचा माणूसही भांडण विसरून बरं आहे म्हणतो. मामांनी ही रीत फार लवकर ओळखली. गावात जे काम महिनोन् महिने चपला झिजवून होत नाही ते खाटेवर आडवं पडलं की आपोआप होतं, असा त्यांचा शोध होता.

म्हणूनच स्पेशल रूम त्यांना चालायची नाही. त्यांचा मुलगा पुण्याहून येऊन एकदा कौतुकाने स्पेशल रूम घेऊन गेला, तर त्याची पाठ वळताच मामांनी सिस्टरला बोलावून घेतलं. "मी काय गुन्हा केलाय म्हून एकटा कोंडलाय मला?" शेवटी जनरल वॉर्डात दाराशेजारची खाट मिळाली तेव्हाच त्यांची कळी खुलली. दाराशेजारीच का, तर येणाऱ्याची नजर आधी आपल्यावर पडली पाहिजे. त्या खाटेवरून त्यांनी बांधाची भांडणं मिटवली, रुसलेले व्याही बोलते केले आणि सलाइन चालू असताना एक लग्नसुद्धा जमवलं. शेजारच्या खाटेवर कऱ्हाटीचे एक गृहस्थ होते, त्यांना लग्नाचा मुलगा. मामांना भेटायला वरकुट्याहून एक कुटुंब आलं, त्यांना लग्नाची मुलगी. मामा दोघांच्या मध्ये. मुलगी डबा विसळायच्या निमित्ताने बेसिनपर्यंत चालून दाखवून आली, मुलाने सगळ्या वॉर्डाला चहा आणला, आणि बोलणी मानपानावर येतायत तोवर ड्यूटीवरच्या सिस्टरने सगळ्यांना बाहेर काढलं. पण लग्न झालं. जोडप्याला पहिला मुलगा झाला तेव्हा पेढे आधी वॉर्डात गेले, मग आमच्या घरी आले.

पथ्य हा मामांच्या बाबतीत चेष्टेचा विषय होता. मीठ बंद सांगितलं तर भाजीतलं मीठ त्यांनी खरोखर सोडलं, पण लोणचं सोडलं नाही. "लोनच्यात मीठ कुठं असतंय? लोनच्यात कैरी असती." पाणी मोजून प्या म्हटलं तर पाणी मोजून प्यायचे, पण चहा म्हणजे पाणी नव्हे, ताक म्हणजे तर अन्नच, आणि उसाचा रस घरचा. लघवी होण्याची गोळी दिली होती, ती रोज सकाळी घ्यायची. ती मात्र कुठे बाहेर जायचं असेल त्या दिवशी सुटायची, कारण गोळी घेऊन एसटीत बसलं की मधेच गाडी थांबवायला सांगावी लागते आणि कंडक्टर चारचौघांत बोलतो. त्यात मामा रोजच कुठेतरी जायचे.

एकदा असाच डबा ठेवून निघाले तर डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं. तरुण माणूस, मामांच्या गप्पांना तोही जरा भुललेला. म्हणाला, "ताई, तात्यांना इथं आवडतं, आम्हालाही तात्या आवडतात. पण दर वेळी ते इथून जातात ना, तेव्हा आले होते त्यापेक्षा थोडं कमी हृदय घेऊन जातात. गेलेलं परत भरून येत नाही. हे असंच चाललं तर एखाद्या खेपेला जाणारच नाहीत." मी जिन्यातच कठड्याला टेकले. वर वॉर्डातून मामांचा हसण्याचा आवाज येत होता. इतके दिवस मी भाकरी थापून थापून वैतागले होते, आणि त्या क्षणी मला वाटलं की मी जन्मभर भाकरी थापीन, पण हा आवाज राहू दे.

त्याच सुमारास त्या दवाखान्याने एक नवा उपक्रम सुरू केला. जे पेशंट पुन्हा पुन्हा दाखल होतात त्यांना निवडायचं, प्रत्येकाला एक सिस्टर नेमून द्यायची, तिने घरी जायचं, रोज फोन करायचा, गोळ्या-पथ्य-वजन बघायचं, आणि त्रास वाढायच्या आधीच काय ते करायचं. पहिली निवड अर्थातच मामांची झाली. मामा खूष. निवड झाली म्हणून त्यांनी वॉर्डात सांगून टाकलं की आपला पहिला नंबर आलाय. ही सगळी धडपड आपण पुन्हा इथे येऊ नये म्हणून आहे हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा मी डबा घेऊन समोर होते. चेहरा पाहण्यासारखा झाला. "म्हंजी मला दवाखान्यातनं काढून टाकला व्हय? येवढी वर्सं येतोय मी! कवा तक्रार केली का कुनाची?"

त्यांच्या वाट्याला आलेली सिस्टर म्हणजे शमा. इंदापूरची मुलगी, वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान. दारात आलेलं गिऱ्हाईक काही घेतल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही ही घरची शिकवण तिच्या अंगात पुरती मुरलेली. पहिल्या दिवशी ती स्कूटीवरून वरकुट्याला गेली आणि मामांच्या पुढ्यात वजनाचा काटा ठेवून म्हणाली, "तात्या, रोज सकाळी यावर उभं राहायचं आणि मला आकडा सांगायचा." ऊस उत्पादक माणसासमोर वजनाचा काटा ठेवणं म्हणजे काय हे बिचारीला माहीत असायला हवं होतं. मामांनी काट्याकडे असं बघितलं की जणू त्यानेच आजवर त्यांच्या उसाचं वजन खाल्लं होतं. "काटा कुनाचा? पास करून आनलाय का?" शमा म्हणाली, नवीन आहे, खोक्यातून काढला. "नव्याच काट्यात जास्त गोम असती," मामा म्हणाले. बाथरूमच्या कामासाठी सिमेंटचं पन्नास किलोचं एक न फोडलेलं पोतं आणलेलं होतं. ते शेजारच्या दोघांनी उचलून त्या एवढ्याशा काट्यावर ठेवलं. काटा खरा निघाला. मग मामांनी आत्याला उभी केली, मग शमाला, मग त्या दोघा शेजाऱ्यांना, आणि सर्वांचं समाधान झाल्यावर स्वतः चढले.

पण कारखान्याच्या काट्यावर गाडी एकदा भरलेली जाते आणि एकदा रिकामी, तेव्हा कुठे उसाचं वजन निघतं. मामांनी तोच नियम स्वतःला लावला. धोतर, बंडी, टोपी वेगळी मोजून वजा केली. शमाने हात जोडून सांगितलं की तात्या, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच कपड्यात एकदाच बघा, बाकीचं मी बघते. त्यांना ते पटलं. काटा हा एकदम त्यांच्या आवडीचा विषय झाला.

आणि इथेच ती चूक झाली, जी फक्त आमच्याच भागातला माणूस करू शकतो. वजन वाढलं की तिच्या फोनची वाट न बघता लगेच फोन करायचा, हे शमाने सांगितलं होतं. का करायचा हे तिने सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल पण मामांनी ऐकलं नव्हतं. उसाचं वजन वाढलं की आनंद, वासराचं वजन वाढलं की आनंद, मग माणसाचं वाढलं तर दुःख कसं होईल? एका सकाळी त्यांनी शमाला फोन केला तो विजयी आवाजात. "सिस्टर, दीड किलो भरलो बगा! कालच्यापरीस दीड किलो! तुमचा हात लई गुनाचा हाय." आनंदाप्रीत्यर्थ त्यांनी दारावरून जाणाऱ्या दोघांना चहा पाजला आणि स्वतःही त्यांच्याबरोबर घेतला. शमा दुपारच्या आत स्कूटी दामटत हजर झाली. पाय दाबून पाहिले तर बोटाचा खड्डा तसाच राहतोय.

"तात्या, हे मांस नाही भरलं. हे पाणी भरलंय."

मामांना कळेना. शमाने हृदय, मूत्रपिंड सगळं सांगून पाहिलं. शेवटी आत्या आतून ओरडली, "आवो, दुधात पानी घातलं की माप वाडतंय का न्हाय? तसं झालंय तुमचं!"

मामांनी बोटाने आपला पाय दाबून पाहिला. डेअरीच्या दारातून ज्याचं दूध कधी परत आलं नाही असा तो माणूस. उभ्या आयुष्यात दुधाला पाण्याचा थेंब लावला नाही आणि आता स्वतःच पाणी घातलेले निघाले. "म्हंजी फ्याट न्हाय? नुसतं पानीच?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं. शमा म्हणाली, नुसतं पाणी. त्या दिवसापासून मामांनी गोळी चुकवली नाही. एसटीच्या वाटेला गेले नाहीत. लोणच्याची बरणी आत्याने माळ्यावर टाकली तरी ब्र काढला नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, "भेसळ काडाय चाललीय."

सूज उतरली, दम गेला, मामा सपाट रस्त्यावर देवळापर्यंत चालून यायला लागले. दवाखाना खूष, डॉक्टर खूष, मी तर संध्याकाळी भाकऱ्या निम्म्या थापायला लागले. आणि मामा दिवसेंदिवस वाळत चालले. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आत्याचा मला फोन आला. "हे बोलतच न्हाईत गं. सकाळी काट्यावर चडत्यात, सिस्टरला आकडा सांगत्यात, आन् मग जे रस्त्याकडं बगत बसत्यात ते जेवनापतूर. मी किती बोलू? माझ्याशी बोलून काय नवीन कळतंय त्यांस्नी?" असेच काही दिवस गेले आणि एका सकाळी शमाने वजन विचारलं तर ते पुन्हा चढलेलं. दुसऱ्या दिवशी आणखी. गोळी घेतली का, घेतली. पाणी? मापात. शेवटी आत्याला दुपारी माळ्याची शिडी भिंतीला लावलेली दिसली आणि वर मामा बरणीत हात घालून बसलेले दिसले. ज्या माणसाला देवळाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या तो लोणच्यासाठी माळ्यावर चढला होता.

शमा आली, मीही रविवार म्हणून गेले होते. आम्ही तिघी बायका त्यांना बोलायच्या तयारीत. पण मामांनी लपवाछपवी केली नाही. म्हणाले, "व्हय, खाल्लं. मुद्दाम खाल्लं. सूज यावी म्हून खाल्लं." आणि मग एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना असं बोलताना ऐकलं. "वजन बरुबर हाय, दम न्हाय, सूज न्हाय. आन् मानूस बी न्हाय. समोरनं जात्यात, 'तात्या बरं हाय का' म्हून गाडीवरनंच इचारत्यात आन् गाडी बी थांबवत न्हाईत. बरं हाय म्हनल्यावर कोन थांबतंय? माझा भाऊ मागल्या टायमाला दवाखान्यात येऊन तासभर बसला हुता. हितं शेजारी र्‍हातो, सहा म्हैनं झालं, आला न्हाय. तुमी मला बरा केला सिस्टर, पर बरा होऊन करू काय?"

आत्या पदर तोंडाला लावून आत गेली. माझ्या घरात बसून मी कितीदा म्हटलं होतं की या माणसाला दवाखान्याचं वेड आहे, आणि वेड दवाखान्याचं नव्हतंच. शमा मात्र गिऱ्हाईक सोडणारी नव्हती. ती उठून पडवीच्या दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "तात्या, दवाखान्यात दाराजवळची खाट लागते ना तुम्हाला? इथं पडवीत दाराजवळ खाट टाकली तर?" मामा म्हणाले, खाट टाकून काय उपयोग, घरी पडलेल्याला कोण विचारतं. "घरी पडायचं नाहीच," शमा म्हणाली, "ॲडमिट व्हायचं. मी ॲडमिट करते. तुमची सिस्टर मी आहे, मी सांगेन तेच खरं."

त्याच संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर मी मजकूर टाकला. मामा ॲडमिट आहेत. वरकुटे येथे, स्वतःच्या घरी. भेटण्याची वेळ दुपारी चार ते सहा. खारट पदार्थ आणू नयेत. लोक गोंधळले. कऱ्हाटीचे एक पाहुणे मजकूर अर्धाच वाचून सवयीने बारामतीच्या दवाखान्यात गेले, वॉर्डात मामा नाहीत म्हणून हबकले आणि माझ्या दारात रडवेले होऊन उभे राहिले. त्यांना चहा पाजून मी वरकुट्याला लावून दिलं. पण रीत ती रीत. ॲडमिट म्हटल्यावर जावंच लागतं. दुसऱ्या दिवशी चार वाजता पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. मामा खाटेवर मांडी घालून बसलेले, अंगावर धुतलेली बंडी, आणि शेजारचा भाऊ सगळ्यांच्या आधी शहाळं घेऊन हजर. शहाळं शमाने काढून घेतलं, तो मात्र बसला.

आता हा प्रकार असा वाढला की बघायला यावं. बसायला येणाऱ्यांत अर्ध्यांना शुगर, उरलेल्यांना बीपी. मामा प्रत्येकाला आधी काट्यावर चढवतात, मग बसायला सांगतात. "दीड किलो वाडलास गड्या. पाय दाब बगू. खड्डा पडतोय का? न्हाय? मग हे खाल्ल्यालं हाय, पान्याचं न्हाय. जा, बस." आठवड्यातून एकदा शमा चारला येते आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरचे तिचे बाकीचे पेशंट तिथेच भेटतात, त्यामुळे तिची स्कूटीची पळापळ वाचली. बरोबर सहाला ती किंवा ती नसली तर आत्या सगळ्यांना उठवते, अगदी दवाखान्यातल्यासारखं, कारण मामांनीच बजावलंय की वेळ पाळली नाही तर माणसांना किंमत राहत नाही. लग्नं जमवणंही सुरू आहे.

या पावसाळ्यानंतर मात्र एक दिवस आला. रविवार होता, मी तिथेच होते. आदल्या आठवड्यात मामांना ताप येऊन गेला होता, गोळ्या, पथ्य सगळं ठीक, तरी छाती भरून आली. चारच्या सुमारास बोलता बोलता त्यांना धाप लागली, ओठ निळसर झाले. पडवी भरलेली. मी उठून जीप बोलवा म्हणून ओरडले. मला जिन्यातले डॉक्टर आठवत होते. आणि मामा, ज्यांनी आयुष्यभर बारामतीची वाट धरायला निमित्त शोधलं, ते खाटेची कड घट्ट धरून म्हणाले, "न्हाय. मला न्यायाचं न्हाय. हितंच."

"मामा, अहो दम लागलाय तुम्हाला."

"लागू दे. सगळी हितं हायती. मी तिकडं जाऊन कुनाला भेटू?"

शमाने त्यांच्याशी वाद घातला नाही. बोटाला यंत्र लावलं, डॉक्टरांना फोन लावला, आकडे सांगितले. डॉक्टर म्हणाले, लघवीचं इंजेक्शन दे आणि थांब. तासाभरात लघवी झाली तर घरीच राहू देत, नाही झाली तर ते नाही म्हणाले तरी आणायचं. इंजेक्शन दिलं गेलं. सोयीसाठी मामांना आतल्या खोलीत नेलं, आत्या आणि शमा आत, आणि बाहेर पडवीत आम्ही सगळे. जीप दारात उभी. अख्खं गाव एका माणसाच्या लघवीची वाट बघतंय हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. भाऊ दर थोड्या वेळाने दाराशी जायचा आणि दबक्या आवाजात विचारायचा, "झाली का?" आतून आत्या, "न्हाय अजून." सगळे पुन्हा खाली बसायचे. एका म्हातारीने तर देवापुढे दिवा लावून यायला सुनेला घरी धाडलं. मी हसू की रडू मला कळत नव्हतं, आणि बहुतेक मी दोन्ही करत होते.

मग आत काहीतरी हलल्याचा आवाज झाला आणि आत्या पदर खोचत दारात आली. वयाची, नात्याची, कशाचीही भीड न ठेवता ती ओरडली, "झाली! भांडं भरून झाली!" पडवीतून असा काही आवाज उठला की रस्त्यावरचा ट्रॅक्टरवाला थांबून बघायला लागला. भाऊ खांबाला धरून लहान पोरासारखा रडला. आतून मामांचा आवाज आला, धापेतला पण ओळखीचा. "आरं, किती वाजलं? सा झालं न्हाईत ना अजून?"

जीप रिकामी परत गेली. दोन दिवसांनी मी डॉक्टरांना भेटले, तेव्हा त्यांनी मामा दाखल झाले नाहीत याचं कौतुक केलं आणि मग खरं तेही सांगितलं. पंप आहे तोच आहे. घरी राहिले म्हणून तो नवा होणार नाही. चांगले दिवस मिळतायत, ते घ्यायचे. मी घेते. आता दर रविवारी मी वरकुट्याला जाते. मामांचा आवाज बारीक झालाय, त्यामुळे माणसं खाटेच्या अगदी जवळ सरकून बसतात. पूर्वी ते सांगायचे आणि लोक ऐकायचे, आता बरंचसं लोकच सांगतात आणि ते ऐकतात, मधेच एखादा शब्द टाकतात आणि त्यावर पडवी हसते. काट्यावरचा आकडा हल्ली पाण्याचा नाही, मांसाचाच उतरतोय. त्यांना तो कळतो. शमालाही कळतो. दोघंही सकाळी फोनवर तो आकडा बोलतात आणि फोन ठेवून देतात.

गेल्या रविवारी सहाला आत्याने सगळ्यांना उठवलं. शेवटचा माणूस चपला घालून गेला, मीही पिशवी उचलली, कारण माझी बारामतीची गाडी होती. मामांनी हाताने खाटेची कड थोपटली. म्हणाले, "तू कुठं निगालीस? वेळ भाईरच्या मानसांस्नी असती. घरच्याला न्हाय." मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं असे कधी बसलोच नव्हतो. माझी गाडी गेल्याचं आम्हाला दोघांनाही ऐकू आलं.